घशातला र

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. राग म्हणते, पण तो मत्सरच आहे. आणि तो तुमच्यावर नाही, तिच्यावर आहे.

अंबरनाथला तुमच्या खोलीत आम्ही दोघी फ्रेंच शिकायला यायचो. मी बदलापूर गावातून, घरातली पहिली बी.ए. ती उल्हासनगरची, कापडदुकानवाल्या सिंधी घरातली. तुम्ही पाँडिचेरीत संसार करून आलेल्या. आम्हाला दारातच अडवायचात. "नुसतं बोंझूर? 'मादाम' कोण म्हणणार? नुसतं बोंझूर मांजराला म्हणतात." मग फ्रेंचमधला र घशातून यावा म्हणून कोमट पाण्याचा पेला. गुळणी करायची, पाणी थुंकायचं आणि पाण्याविना घशातून तीच खरखर काढायची: मेर्सी, ओ रव्वार. मी घरीही मोरीपाशी गुळण्या करत बसायचे, आणि आई हळदमीठ घेऊन यायची. "घसा धरलाय तर कशाला जातेस एवढ्या लांब?" फ्रेंच आलं की जग आपलं होईल अशी माझी श्रद्धा, आणि र मात्र दातांमागून हलत नव्हता. तिला पहिल्याच आठवड्यात जमला. "अरे यार, हमारे दादा तो ऐसेच बात करते हैं," म्हणून हसली; तिच्या आजोबांच्या सिंधीत तसा घशातला आवाज होताच. तुम्ही तिच्या गालाला हात लावलात. मला म्हणालात, "वही छान ठेवतेस हो."

मग अंबरनाथच्याच एका कारखान्यात फ्रेंच इंजिनियर येणार होते. स्वागताला दोन शब्द बोलणारी मुलगी कारखानावाल्यांनी तुमच्याकडे मागितली. मला सगळी वाक्यं पाठ होती, समोरच्याच्या उत्तरांसकट. तिला जेमतेम चार. तुम्ही तिला पाठवलंत.

"माझं काय चुकलं, बाई?"

"काही नाही गं. तुझं बरोबरच असतं. पण तू बोललीस की समोरच्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ती बोलली की माणूस खुर्ची ओढून बसतो."

परवा ती उल्हासनगरच्या बाजारात भेटली. "फ्रेंच? कुछ याद नहीं यार," म्हणाली, आणि मला केवढा आनंद झाला! मी आता शिकवते, माझा र पक्का आहे. मग ती भाजीवालीशी बोलायला लागली. ज्या बाईने मला भाव सांगून तोंड फिरवलं होतं, ती हिला बसायला गोणपाट देत होती.

हे पत्र कुठे टाकणार? पण तुम्ही समोर असतात तरी हातात दिलं नसतं. तुमची निवड बरोबर होती, हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी अजून तयारी नाही.