ऋताचे चौदा बंट

३ ऑगस्ट, रविवार
कोलकात्याला बदली होऊन आज तीन वर्षं. बायको शकुन आणि ऋता अमरावतीतच. तरी मुलीवर माझं पूर्ण लक्ष. ऋता विद्यापीठाच्या बेसबॉल टीमची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. तिचे करिअर सॅक्रिफाइस बंट मी वहीत नोंदवतो. आजपर्यंत अकरा. हा आकडा दुसऱ्या कुठल्या बापाकडे नसणार.

११ ऑगस्ट
ऑफिसातल्या सलीलला डबा खाताना बंट समजावला. बॅट न फिरवता चेंडू पुढ्यातच पाडायचा, आपण आउट व्हायचं, तेवढ्यात आपला गडी पुढच्या बेसवर. म्हणाला, यात कौतुक काय? उद्यापासून एकटाच जेवणार. शांतताही मिळेल.

१४ सप्टेंबर
ऋताला फोन. बारा! एक मिनिट दहा सेकंद. आमचं बोलणं पहिल्यापासून मुद्देसूद. दसऱ्याला जाऊन तिची मॅच बघणारच. नक्की.

२ ऑक्टोबर, दसरा
गेलो नाही. दुर्गापूजेच्या गर्दीत तिकीट मिळालं नसतंच, म्हणून काढलंच नाही. फोनवर भेट झाली. तेरा.

९ नोव्हेंबर
चौदा! शिवाय तिची टीम डिसेंबरात इथे जवळच बराकपूरला स्पर्धेला येतेय. हे शकुनने सांगितलं. म्हणजे ऋताला मला सरप्राइज द्यायचंय. शकुन आणखी काही सांगत होती. म्हटलं, राहू दे, प्रत्यक्षच बघतो.

७ डिसेंबर, रविवार, रात्री आठ
सकाळी सियालदहहून बराकपूर. पहिल्यांदाच मॅच बघत होतो. आपली एक मुलगी बॅटिंगला आली. चाल थेट शकुनची. बंट टाकला, आउट झाली. मी उभा राहून ओरडलो, "ऋता, पंधरा!"
तिने हेल्मेट काढलं. भलतीच मुलगी.
ऋता बाकावर होती, मांडीवर स्कोअरशीट. खांदा जूनमध्येच निखळला. डॉक्टरांनी खेळ बंद केला. शकुनला माहीत होतं. अकरानंतरचे तिन्ही ऋताने मनानेच रचून सांगितलेले.
मला का नाही कळवलं, विचारलं.
"तुम्ही फोनवर आकडाच विचारता, बाबा. मग मी आकडा सांगायचे."
रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.
मॅचनंतर स्टेशनबाहेर चहा घेतला. तिने विचारलं, ऑफिस सुटल्यावर तुम्ही इथे कुणाशी बोलता? म्हटलं, बरेच आहेत.
कोण कोण, म्हणाली.
मी चहा फुंकत राहिलो. तो केव्हाच निवला होता.