दुखेल तिथेच घासायचं

ता. १४, मंगळवार

ती. ताईस,

बारक्याचा नमस्कार. फोन सोडून हे पत्र कुठून उपटलं, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? "जेवलास का?"पासून "बरं, ठेवते"पर्यंत सगळं तूच. पत्रात निदान मध्ये तोंड घालता येत नाही.

इकडे ठीक. धाकटीची परीक्षा आटोपली. हिचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. मी दाढी वाढवली आहे. ही म्हणते, "पन्नाशी उलटल्यावर हे काय नवीन खूळ?" मी म्हटलं, रोज करायचा कंटाळा येतो. तसा हल्ली सगळ्याचाच येतो म्हणा. सकाळी कामाची खोली उघडली की फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून असतात. त्यांच्याकडे बघत चहा पितो आणि मग कवळ्या घासायला बसतो.

काल एक शाळेतल्या बाई नवी कवळी परत घेऊन आल्या. बोलताना त्यांचा 'श' निसटतो. वर्गात "शांत बसा" म्हटलं की पोरं जास्तच हसतात. मी सवयीने विचारलं, "दुखतं कुठे?" त्या म्हणाल्या, "दुखत नाही हो." "मग हात लावायला नको," असं मी बोलून गेलो, आणि कवळी तशीच डबीत ठेवली. त्यांना म्हटलं, परवा या.

आमच्या धंद्याचा नियम तुला ठाऊक आहे. दुखेल तिथेच घासायचं, दुखत नाही तिथे हात लावायचा नाही. वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवला होता. तीस वर्षं त्यावर पोट भरलं.

माझी स्वतःची डावीकडची शेवटची दाढ किडली आहे. लोकांचे दात करणाऱ्याच्या तोंडात ही तऱ्हा, म्हणजे दिव्याखाली अंधार. दोन वर्षं उजवीकडूनच चावतोय. ज्यांची कामं करतो त्या डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी कवळ्या द्यायला गेलो आणि आपणहून खुर्चीत बसलो. दाढेसाठी नाही बसलो, ताई. जबड्याच्या कोपऱ्याखाली एक गाठ आली आहे. चार महिने झाले. आधी वाटाण्याएवढी होती, आता बोराएवढी आहे. दुखत अजिबात नाही. दाढी त्यासाठीच ठेवली.

बाईंनी दोन बोटांनी बराच वेळ चाचपली. मी म्हटलं, "दाढेमुळेच असेल. दुखत तर नाही."

"दुखत असती तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

दाढ काढायची आहेच, पण आधी मोठ्या दवाखान्यात सुई घालून गाठ तपासायची. येत्या सोमवारी सकाळी. साधीही निघेल, असं म्हणाल्या, पण हातमोजे काढायला त्यांनी फार वेळ लावला. मला तिथेच घाम फुटला. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण घाम तेवढ्यासाठी नव्हता.

बाबा गेले तेव्हा तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तुला तरी बोलले होते का रे?" मी नाही म्हटलं. त्याला सहा वर्षं झाली. तू अजून म्हणतेस, "माझ्या घरात राहत होते, माझ्या हातचं खात होते, पण गाठीचं मला सांगितलं नाही. परकीच समजले मला." प्रत्येक वेळी मी मान खाली घालून ऐकतो.

परकी नव्हे गं. बाबा एका दुपारी माझ्या कामाच्या खोलीत आले होते. कवळी काढून रुमालात ठेवली आणि गळ्याशी बोट नेऊन म्हणाले, "इथे काहीतरी हाताला लागतंय बघ. ताई उगीच घाबरेल. तू दातांतला माणूस, तू सांग." मी मशीनसुद्धा बंद केलं नाही. विचारलं, "दुखतं का?" म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "मग काही नाही. कवळी दाबत असेल." कवळीची एक कड घासून त्यांच्या हातात दिली. गाठीला बोटही लावलं नाही. बाबा खूश झाले. "घरात एक जाणता असला की बरं असतं," म्हणाले, आणि तुझ्यासाठी केळी घेऊन घरी गेले. पुढे सात महिने ते गप्प बसले, ते मी काही नाही म्हटलं म्हणून.

हे आत्ताच का लिहितोय, तेही सांगतो. सोमवारी गाठ साधी निघाली तर मी हे कधीच लिहिणार नाही. माझा मी मला पुरता ओळखतो. म्हणून सोमवारच्या आधीच पेटीत टाकतोय.

हिला आज जेवताना सांगणार आहे. तुला "ये" म्हणायला तोंड नाही मला. चिडशील, रडशील, बोलणं टाकशील, सगळा हक्क तुझा आहे. पण बाबांवर रुसू नकोस आता. आणि आलीसच, तर दुखतं का म्हणून विचारू नकोस. हात लावून बघ.

बाबांनी ज्याला सांगितलं होतं तो,

तुझा बारक्या