पुढची गाडी जाऊ दे

मी, खाली सही करणारी, या गावच्या रेल्वे फाटकावरची निवृत्त फाटकवाली, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. मागे ठेवण्यासारखे आपल्याकडे काही आहे, असे वाटलेच नव्हते.

माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल थोडा खुलासा करणे भाग आहे, कारण जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कागदावर आधी ‘मधूनच वाचा जाते’ असे लिहिले होते. वाचा जात नव्हती. रुग्णालयाच्या मागून रेल्वे जाते, आणि गाडी आली की मी वाक्य तिथेच सोडून गप्प बसत होते. आमच्या गावात सगळेच गप्प बसत. घरे रुळांना इतकी चिकटून की गाडी जाताना ओरडले तरी ऐकू येत नसे. म्हणून ‘गाडी जाऊ दे’ म्हणायचे आणि गाडी गेली की ज्या शब्दावर सोडले त्याच शब्दापासून पुढे बोलायचे, हा आमचा नियम. मास्तर खडू फळ्याला टेकवून थांबत. न्हावी वस्तरा गालावरून उचलून धरी. नवरा-बायको भांडण अर्ध्यावर ठेवत आणि नंतर नेमके त्याच शिवीपासून पुन्हा सुरू करत. हे समजावल्यावर बाई पोट धरून हसल्या आणि त्यांनी दाखला बदलून दिला. तो सोबत जोडला आहे. छातीच्या दुखण्याबद्दल मात्र त्या हसल्या नाहीत. ‘आजी, काय सांगायचं-सवरायचं असेल ते उरकून घ्या,’ म्हणाल्या.

कलम पहिले, घर. फाटकाजवळचे दोन खोल्यांचे घर माझ्या मालकीचे आहे, रेल्वेचे नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण इथले बाकी सगळे रेल्वेचेच होते. मुळात इथे गावच नव्हते. माळ होता आणि एक झरा होता. पुढची चढण चढण्याआधी इंजिनाला पाणी पाजावे लागे, म्हणून टाकी उभी राहिली. टाकीसाठी पंपघर, पंपासाठी माणसे, माणसांसाठी दुकाने. इंजिनाला तहान लागली म्हणून जन्माला आलेले गाव आहे हे. मग आसपासच्या खेड्यांतली लोकर, धान्य, लाकूड, खाणीतला दगड, सगळे इथल्याच धक्क्यावर येऊ लागले. स्टेशनमागे रेल्वेचा दवाखाना झाला, शाळा झाली, आणि इथल्या मुलींना लांबलांबची स्थळे सांगून येऊ लागली, कारण सासरहून माहेरी यायला थेट गाडी होती. नंतर डिझेलची इंजिने आली. त्यांना पाणी नको होते. त्यांची तहान संपली आणि आमच्या तोंडचे पाणी पळाले. डोंगरापलीकडून हमरस्ता गेला, खाण बंद पडली, शाळेत मुलांपेक्षा खिडक्या जास्त झाल्या.

माझ्या नवऱ्याने रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर लिलावातून आणून हे घर उभे केले. तो डबे जोडायचे काम करी. एकदा दोन डब्यांच्या मध्ये सापडला तो परत आला नाही, आणि त्याच्या जागी मला फाटकावर घेतले. मूलबाळ नाही. तर हे घर मी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे पंपवाल्या दादाला, एका अटीवर देते. ती अट शेवटी लिहीन.

कलम दुसरे, बँकेतली शिल्लक. ती दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला. तिने त्यातून काय वाटेल ते करावे, पण या गावात एक वीटही घेऊ नये. आत्याचा हा हुकूम समजावा.

कलम तिसरे, हत्यारे. हातबत्तीही भाचीला. हिरवी झेंडी माझ्या उशाशी ठेवून मला न्यावे. लाल झेंडी रूळ उपटून नेणाऱ्या ठेकेदाराला. त्याने माझ्या फाटकाचा दांडा भंगारात घातला आणि वर मलाच विचारले, “आजी, आता अडवायचं कोणाला?” त्याला कधीतरी कोणीतरी अडवायला हवे. फाटकावर टांगलेला रुळाचा तुकडा, जो ठोकून मी गाडीची वर्दी देत असे, तो न्हाव्याला द्यायचा होता. पण वकिलांनी बजावले आहे की या कागदातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही केली तर त्याचा वाटा जातो. साक्षीला न्हाव्याशिवाय गावात उरलेय कोण? म्हणून तो तुकडा आजच त्याच्या हातात दिला आहे, मृत्युपत्रात धरू नये. मालगाडीच्या वेळेला त्याचा वस्तरा अजूनही आपोआप थांबतो.

कलम चौथे, अट.

आई दादाकडे, पंपघरामागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. त्या दिवशी मी फाटकावर होते. मालगाडीला उशीर झाला होता, बदली माणूस नव्हता, आणि फाटक सोडून जाता येत नाही. दादा रुळांच्या कडेने चालत आला आणि पलीकडच्या बाजूला उभा राहिला. म्हणाला, “आई गेली. जाताना तुझ्यासाठी एवढंच म्हणाली, की—”

मालगाडी आली. मी झेंडी धरून उभी राहिले. डब्यांच्या फटींतून दादा दिसत होता, नाहीसा होत होता. गाडी गेली. नियमाप्रमाणे त्याने ‘की’पासून पुढे बोलायचे. पण मलाच धीर निघाला नाही. “जिवंत होती तेव्हा का नाही बोलावलंस? हाकेच्या अंतरावर होते मी. माझ्यावाचून मारलंस तिला!” हे मी बोलले, आणि ते मागे घेत नाही. मला बोलवायला हवेच होते.

दादा म्हणाला, “पुढची गाडी जाऊ दे. मग सांगतो.”

त्याच संध्याकाळी नदीवरच्या पुलाला तडा गेल्याचे कळले आणि पुढील आदेशापर्यंत वाहतूक बंद झाली. स्टेशनमास्तर म्हणाले, “चार दिवसांत सुरू होईल हो, बाई,” आणि आठवड्याच्या आत त्यांनी स्वतःचेच सामान ट्रकमध्ये भरले. त्यांना माझ्याकडून काही नाही. पुढचा आदेश कधी आला नाही. पुढची गाडीही आली नाही.

तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. रोज सकाळी पाण्याची कळशी माझ्या दारात ठेवतो आणि पाठ फिरवतो. मी न्हाव्याकडून निरोप धाडला, तर उत्तर आले, “गाडी गेली का, विचार तिला.” एकदा मी रागाने तो रुळाचा तुकडा घणाने बडवला. दादा सवयीने दारात आला, दोन्ही बाजूंना बघितले आणि आत जाऊन कडी लावली. आम्ही दोघे एकाच आईची लेकरे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

आणि उद्या टेम्पो येणार आहे. भाची दादाला शहरात घेऊन जातेय. पंपघराला कुलूप लागेल.

दादा, आता हे तुझ्यासाठीच लिहिते, वकील काय म्हणायचे ते म्हणोत. रूळच नाहीत रे. कुठली गाडी जायची वाट बघतोस? मी रोज झोपताना ते वाक्य पुरे करून बघते. कधी आई मला शिव्या देते, कधी जवळ बोलावते, आणि दोन्ही माझ्याच मनचे असते. मला मरायची भीती नाही असे मी सगळ्यांना सांगते, ते खोटे आहे. तो ‘की’ तसाच लटकत ठेवून मरायची मला फार भीती वाटते. शिवी असली तरी चालेल. तुझ्या पाया पडते, सांग.

तर अट अशी : माझ्या जिवात जीव असेतो दादाने ते वाक्य पुरे करावे. केले तर घर त्याचे. न केल्यास, किंवा त्याचा हक्क अन्य कारणाने गेल्यास, घर भाचीचे.

दुसऱ्या सहीसाठी शनिवारच्या बसने येणारा कंपाउंडर सांगून ठेवला होता. आज बस आली नाही. कोणी मिळते का बघायला न्हावी बाहेर पडला आहे. माझी सही मी त्याच्यासमोर आधीच केली. ती जागा रिकामी राहिली तर हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा, हे मला माहीत आहे.

सही : फाटकवाली

स्थळ : फाटकाजवळचे घर. दिवस : शनिवार, दुपार.

साक्षीदार पहिला : आजींनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत आहेत, सकाळीच मला दोनदा झापलं. — न्हावी

साक्षीदार दुसरा : न्हाव्याने बोलावलं म्हणून आलो. हिने माझ्यासमोर ‘सही माझीच’ असं सांगितलं. सगळा कागद वाचला. वाटा जातो हे वाचूनच सही करतोय. घर पोरीलाच राहू दे. तू तसं बोललीस, त्यावर हे सांगितलं असतं तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस, म्हणून गप्प राहिलो.

की, “तिला बोलावू नकोस, फाटक उघडं टाकून धावत येईल ती. गाडी जाऊ दे. तोवर मी थांबते.”

थांबली होती ग ती. मालगाडीलाच उशीर झाला.

— दादा