अक्षय रविवारी गणितं सोडवून देतो

रवि. ३ ऑगस्ट
आज परत सगळी गणितं अक्षयनंच सोडवली. मी नुसती पेन धरून बसलेली. मोबाईलवर गणिताचा फोटो मारतो, उत्तर येतं, ते कागदावर उतरवतो आणि कागद माझ्याकडं सरकवतो. "वहीत घे. अक्षर तुझंच पायजे." झाला फिजिक्सचा गृहपाठ.
आत्या त्याला दर रविवारी येडशीहून धाडते, आज स्वतःही आलेली. चहा पिता पिता म्हणते, "बगा, आत्तापासनंच बायकूचा अभ्यास करतोय." सगळे हसले. बाबा पण. अकरावीला आत्ता कुठं ॲडमिशन झालंय माझं.
बाकीच्या आतेभावांना मी दादा म्हणते. यालाच म्हणू देत नाहीत.

गुरु. ७ ऑगस्ट
मॅडमनी फळ्यावर बोलावलं. पुलावरून वर फेकलेला दगड खाली नदीत पडतो, पुलाची उंची काढा. वहीतलंच गणित, आकडे तेवढे बदललेले. सूत्र लिहिलं, मायनस टाकला.
"हा मायनस का?"
मला काय माहीत का. वहीत होता म्हणून टाकला. म्हणाले, "तसंच असतं मॅडम." वर्ग फुटला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. "घरी कोण सोडवून देतं?" नाव सांगितलं नाही. कळंब ते येरमाळा बसच्या खिडकीबाहेर बघत आले.

रवि. १० ऑगस्ट
अक्षयला विचारलं, मायनस का?
"तुला कारण कशाला पायजे? उत्तर बरोबर हाय ना?"
मग बाहेर जाऊन बाबांना काय म्हणाला, ते चहा घेऊन येताना मी उंबऱ्यातच ऐकलं. "मामा, तिला सायन्स न्हाय झेपायचं. लई कच्ची हाय. आत्ताच आर्ट्सला टाका, वर्ष तरी वाचंल. पुढं आमच्याच घरी यायचंय, मग एवढं कशाला?"
हाच शिकवणार, हाच कच्ची म्हणणार!
बाबा म्हणाले, "पहिली चाचणी हु दे. फिजिक्सला नापास झाली तर टाकू आर्ट्सला."
कप त्याच्या हातात नेऊन दिला. साखर विसरले, असं आई म्हणाली. विसरले नव्हते.
याला सोडणार नाही. सगळ्यांसमोर याचं तोंड उतरलेलं बघायचंय मला.

मंगळ. १२ ऑगस्ट
तबस्सुम माझ्याच बसला असते, माझ्याच वर्गात. आजवर नुसतं हसून मान हलवायचो. आज शेजारी जाऊन बसले. म्हणलं, मायनस का ते सांग.
तिनं पुस्तक मिटायला लावलं. "फार्मुला बाद में. पैले बोल, हुआ क्या?"
काय हुआ. दगड वर गेला, खाली आला, नदीत पडला.
"वर को प्लस बोली ना तू? तो नदी किधर है?"
खाली.
"बस. हो गया मायनस."
एवढंच होतं! एवढ्यासाठी मी अख्ख्या वर्गासमोर मान खाली घालून उभी राहिले. राग मावेना. अक्षयला हे सांगता आलं नसतं? की त्यालाच...

रवि. १७ ऑगस्ट
खडा टाकून बघितला. अगदी भोळं तोंड करून विचारलं, चेंडू सगळ्यात वर पोचला की वेग किती?
"शून्य."
आणि त्वरण?
"शून्यच की. थांबलाय ना तो."
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे हा. धाराशिवला रूम करून राहतो, शनिवारी तेवढा घरी येतो. आत्या गावभर सांगत असते, माझा इंजिनियर.
इतका आनंद झाला की खाली वाकून पेन शोधत बसले. एक अक्षर बोलले नाही. आज खोडून काढलं असतं तर कुणी बघितलं असतं? महालक्ष्म्यांना सगळं खानदान जेवायला येतं. तेव्हा.
दोन कागद दिले त्यानं आजचे. उतरवले. तो गेल्यावर ती पानं फाडली आणि वहीत आपलं आपण सोडवलेलं घातलं.

बुध. २० ऑगस्ट
तबस्सुमला बेत सांगितला. हसेल असं वाटलं होतं.
"इतना जहर कायकू? बदला लेना है तो पेपर में ले."
पेपर कोण बघतंय. बाबा अक्षयचं ऐकतात, पेपरचं नाही.
ती म्हणाली, "फिर भी." मग उताराची गणितं घेतली. येतात आता. चित्र काढलं की येतात.

शनि. २३ ऑगस्ट
चाचणी झाली. फिजिक्स... एक गणित पूर्ण सुटलं, एक अर्धं. चड्डीतल्या पोरासारखी उड्या मारत आले स्टँडपर्यंत. निकाल गणपतीनंतर.

सोम. १ सप्टेंबर
झालं. लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.
महालक्ष्म्यांचं जेवण. जेवणाआधी बाबा भाच्याच्या, म्हणजे अक्षयच्या पाया पडले, दरवर्षी पडतात तसे. तो पण ऐटीत उभा. पानं उचलल्यावर सगळे ओसरीत बसले. काकांनी विचारलं, पोरीचा अभ्यास कसा काय? अक्षय म्हणाला, "चाललंय मामा. मी हाय म्हणून."
वाढायच्या ताटात एक लिंबू उरलं होतं. मी ते वर फेकलं, झेललं. विचारलं, "सगळ्यात वर असताना याचं त्वरण किती?"
"शून्य. सांगितलं होतं की तुला."
"मग खाली का आलं? वेग पण शून्य, त्वरण पण शून्य, तर वरच राहायला पायजे की, पंख्याजवळ."
काका फस्सकन हसले. अक्षय म्हणाला, तिथं क्षणभर थांबतंच. मी म्हणाले, "तुझ्या मोबाईलला विचार." विचारलं त्यानं. स्क्रीन वाचली आणि मोबाईल खिशात घातला. कान लाल.
इथं थांबायला हवं होतं म्हणतात सगळे. मी थांबले नाही. म्हणाले, "असू द्या, अक्षयदादा. पुढच्या रविवारपासून मी शिकवत जाईन तुम्हाला."
आत्याच्या हातातला विडा तसाच राहिला. फिजिक्सचं तिला काय घेणं. दादा म्हणले ना मी, सगळ्या भावकीसमोर. पुरणपोळ्यांचा डबा न घेता गेली. जाताना बाबांना म्हणाली, "तुमची पोरगी लई शिकली, दादा."
बाबा उठून आमच्या हॉटेलात जाऊन बसले. आई भांडी आपटत होती.
मला मात्र गार गार वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

सोम. ८ सप्टेंबर
पास! काठावर नाही, चांगली पास. मॅडमनी पेपर देताना "आता स्वतः सोडवलंस" एवढंच म्हटलं.
बाबांना पेपर दाखवला. गल्ल्यावर बसल्या बसल्या बघितला, परत दिला.
"मार्काचं न्हाय राहिलं आता. ज्या भाच्याच्या मी पाया पडतो, त्याला घरी बोलवून तू असं केलंस. रविवारी येडशीला चल. माफी माग, आन् ते दादा मागं घे. न्हायतर तुजं सायन्स बंद."
तुम्हीच बोलला होतात, पास झाली तर...
"बोललो व्हतो."
हॉटेलात गिऱ्हाईक आलं. उठले.

गुरु. ११ सप्टेंबर
त. ला सगळं सांगितलं. "मैं बोली थी" म्हणाली नाही. त्याचाही राग आला. मग म्हणाली, "सॉरी बोल दे. दो अक्षर का काम." तिला काय जातंय. माझी जीभ नाही वळत. पण सायन्सही सोडायचं नाही. बारावीनंतरचं मनात आहे ते इथं पण लिहीत नाही.

रवि. १४ सप्टेंबर
आत्ताच आलो. संध्याकाळ.
आत्यानं पाणी दिलं, तोंड फिरवून. "जा, आत हाय तो. माग माफी." बाबा अंगणात थांबले.
आत अक्षय टेबलापाशी. त्यानं उठून दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "त्वरण शून्य का नसतं गं?"
टिंगल करतोय वाटलं. नव्हता करत. पहिल्या वर्षाचं फिजिक्स राहिलंय त्याचं, दोनदा. घरात कुणाला माहीत नाही. आता परत पेपर आहे. पुस्तक उघडं होतं, पहिलाच धडा. "मोबाईल न्हाय नेता येत परीक्षेला," म्हणाला.
काय वाटलं सांगू? आधी हसू. मग वाटलं, दार उघडावं आणि आत्याला हाक मारावी. एका वाक्याचं काम होतं. माझा इंजिनियर!
दाराकडं गेले पण. तो म्हणाला, "पाया पडतो तुज्या."
थांबले. म्हणलं, "तू बाबांना फोन कर. सांग, तिला सायन्स झेपतं, आर्ट्सला टाकू नका. आन् लग्नाचं कुणी काढायचं न्हाय. मग शिकवते."
"आदी तू आईपुढं सॉरी म्हण."
"आदी फोन."
बाहेरून आत्या, "म्हणली का रं ती?" मग अक्षयच ओरडला, "बोलतोय आमी!"
सॉरी म्हणले नाही. तशीच बाहेर आले. बाबांनी गाडीला किक मारली, थेट येरमाळा.
आत्ता बाबांचा फोन वाजला. अक्षयचा. बाबा फोन घेऊन बाहेर गेलेत, हायवेकडं. ट्रकच्या आवाजात काही ऐकू येत नाही. "बोल" एवढं ऐकलं.
काय सांगतोय कुणास ठाऊक. मी म्हणले तेच सांगत असेल तर उद्या बसमध्ये त. ला विचारून ठेवीन, एवढ्या मोठ्या गड्याला कुठून शिकवायला सुरुवात करायची. दुसरंच काही सांगत असेल तर आत्याचा नंबर माझ्याकडं आहे.
बाबा अजून आत आले नाहीत.