पाणी मागणारी भिंत

१० एप्रिल २००६
आज महागावला आलो. बियाण्याच्या दुकानदाराने दिलेली डायरी कोरीच होती, ती आजपासून सुरू करतो. काम मोठं आहे. गावाबाहेर कापसाचं गोदाम आहे, दोन हंगाम रिकामं पडलंय. त्याचं मंगल कार्यालय करायचं ठरवलंय मालक श्रीकृष्णरावांनी. ते यवतमाळला वकील आहेत. आतल्या चारही भिंतींना सिमेंट-रेतीचा गिलावा मला द्यायचा आहे. पहिलं लग्न मेअखेरीला. राहायला गोदामाच्याच कोपऱ्यात दार असलेली खोली, बाहेर विहीर, निंबाचं झाड. उज्ज्वला खूश आहे. म्हणाली, तांड्यात सासू, इथं फक्त तुमी, म्हणजे एका डोक्याचा त्रास कमी झाला.
चौकीदार फुलचंद म्हातारा आहे, बोलका. आल्या आल्या चहा पाजला.

१८ एप्रिल
तीन भिंतींच्या विटांचे सांधे खरवडून गिलाव्याचा पहिला हात मारून झाला. पूस नदीची रेती चांगली आहे, चाळून घेतली की सिमेंटमध्ये कालवलेला माल लोण्यासारखा होतो. थापीने फटकारला की विटेला धरतो. मग पट्टीने ओढायचा आणि खिळे ठोकलेल्या फळीने नागमोडी रेघा पाडायच्या, म्हणजे दुसरा हात त्यात रुततो.
आज चौथी, उत्तरेची भिंत घेतली. गिलाव्याआधी भिंत भिजवावी लागते. विटा पाणी पिणं थांबवेपर्यंत मारायचं, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. बाकीच्या भिंतींना सात-आठ बादल्या लागल्या. हिला चाळीस झाल्या तरी पाणी खाली ओघळलं नाही. फुलचंद म्हणाला, या भिंतीले दहा वर्षं कापूस टेकून राह्यला, तहानली असन. मी हसलो आणि माल मारला.
आमच्या तांड्यात नवं घर झालं की घरची बाई ओल्या भिंतीवर पंजा उमटवते. उज्ज्वला म्हणाली, या गोदामाला घरची बाई नाही, मग मीच. चौथ्या भिंतीच्या मधोमध तिने हात दाबला. मी पुसायला हवा होता. गिलाव्याच्या दुसऱ्या हाताखाली झाकून जाईल, म्हणून ठेवला.

२० एप्रिल
तीन भिंती राखाडी झाल्या, कडक. चौथी नुसती पांढरट पडून भेगाळली. पंजा मात्र ओला आहे. बोट लावलं तर पाणी लागलं.
उज्ज्वलाला फार तहान लागते. सकाळपासून दोन कळश्या संपवल्या. ऊन आहे, असं म्हणालो. तिनं टोमणा मारला, मिस्त्री, भिंतीले पाणी मारता तसं मले बी मारा.

२३ एप्रिल
तिचा उजवा तळहात सुरकुतला आहे, सत्तर वर्षांच्या बाईसारखा. ओठ फाटले. जेवत नाही. घास गिळायला थुंकी लागते, ती येत नाही.
पंजा आज भिंतीतून फुगून वर आलाय. बोटांची पेरं दिसतात.

२५ एप्रिल
यवतमाळला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सलाईनच्या चार बाटल्या गेल्या आणि ती होती तशीच. मग दुपारी अचानक तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उठून बसली, हसली. बरी झाली म्हणून संध्याकाळच्या एसटीने आलो. फुलचंदला विचारलं. म्हणाला, दुपारी भिंतीले पाणी मारलं ना बापू, तुमी नव्हते म्हणून, वाळून चालली होती.

२६ एप्रिल
खात्री करून घेतली. खोलीचं दार उघडं ठेवून मी बादली भिंतीवर ओततो, ती खाटेवर आवंढा गिळते. तिला तोंडाने पाजलं तर काहीच होत नाही.
फुलचंदने आता सांगितलं. आधीचा मिस्त्री ही भिंत भिजवूनच पळाला होता. मी चिडलो, आधी काहून नाही सांगितलं. तो म्हणाला, तुमी हसले ना.

२७ एप्रिल
छिन्नी घेतली. पंज्याच्या कडेला पहिला घाव घातला. खोलीतून तिची किंकाळी आली. तळहात उभा चिरला होता. रक्त नाही. बारीक रेती गळत होती.
छिन्नी विहिरीत टाकली.

२९ एप्रिल
दिवसाला दीडशे बादल्या. फुलचंद दोन दिवस मदतीला होता. आज कपडे बांधून केळापूरला लेकीकडे गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मालकांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, दारू कमी पी आणि दुसरा हात मार.

१ मे
विहिरीचा तळ दिसतो. टँकरवाला म्हणाला, गावाला पुरत नाही अन् तुम्ही भिंतीवर ओतता. गावातल्या बायांनी शिव्या दिल्या. बरोबर आहे त्यांचं.
तिला उचललं. काहीच वजन नाही. पाणी न मिळालेल्या गिलाव्यासारखी — हात लावला की भुकटी —

२ मे
विहिरीत उतरलो. गाळ घमेल्याने काढला, पिळला. दोन बादल्या. तिचा एक श्वास, मग पुन्हा —
तांड्यात नेऊ म्हटलं. यवतमाळला नेलं तेव्हा तग धरला होता, आता फाटकापर्यंत नेलं तर श्वासच थांबला. परत आणली, खाट भिंतीसमोर टाकली.

३ मे
गाळही नाही.
दमून भिंतीला पाठ टेकली. सदरा घामाने ओला होता. क्षणात कोरडा. आणि खाटेवर तिने डोळे उघडले.

४ मे
टेकूनच बसलो आहे. खाट जवळ ओढली. तिच्या ओठांवर ओल दिसते, थोडी.
माझी लघवी बंद. डोळे मिटले की पापण्या घासतात.

५ मे
पाठ सुटत नाही. ओढून पाहिलं —
ती बोलली. माझं नाव घेतलं. शाम. लग्नाला सात वर्षं झाली, कधी घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेत नसतात. म्हणाली, अजून.
बरी दिसते. गाल —
उठून बसली. दाराकडे बघते आहे. जा म्हटलं. आवाज निघाला का माहीत नाही —
उंबऱ्यापर्यंत गेली. पडली. अजून लागेल. माझ्यात आता किती पाणी —