चिरंजीवांना परत आणण्याची मोहीम

३ मार्च, सकाळ
काल जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की महिनाअखेर ते घर सोडणार. संघटनेच्या मुलांबरोबर राहणार आणि व्यवस्था उलथून टाकणार. हे पेपरमागून म्हणाले, आधी अंथरुणाची घडी घाल. झालं! ताटावरून उठला.
मी मात्र शांत आहे. पोरांना धाकाने नाही, गोडीने वळवायचं असतं. निश्चय: स्वतः संघटनेत जायचं, ही मुलं तिथे कशाला भुलतात ते आतून बघायचं, आणि आठवड्याभरात त्याला घेऊन यायचं.

५ मार्च
गेले. बंद पडलेल्या सायकल दुकानावरची खोली. जिन्याला कठडा नाही. दारात चपलांचा हा ढीग. मला बघून चिरंजीवांनी अशी मान खाली घातली, जशी काही मी शाळेत विसरलेला डबा द्यायला आले होते. त्यांचा पुढारी म्हणजे एक हडकुळा, दाढीवाला मुलगा. मी त्याला मनात दाढीच म्हणते. या काकू, म्हणाला, आणि खुर्ची पुसून दिली. घरी कोणी पुसत नाही. सावध राहायला हवं. हे असंच भुलवतात.

९ मार्च
चष्मा लावणारी एक गोड मुलगी आहे. तिला बाजूला घेऊन विचारलं, अगं, तू कशाला येतेस इथे? म्हणाली, काकू, घरी माझं एकही वाक्य पूर्ण होत नाही. इथे हात वर केला की सगळे थांबतात. बिचारी! एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी क्रांती करतं का?
नंतर, निव्वळ प्रयोग म्हणून, मीही हात वर केला. सगळे थांबले. मग मी बराच वेळ बोलले. काय बोलले ते आठवत नाही. येताना रस्ताभर गुणगुणत होते.

१२ मार्च
मोहीम योजनेप्रमाणे चालू. विश्वास मिळवण्यासाठी थोडी मदत केली, इतकंच. या मुलांच्या घोषणा म्हणजे नुसता आरडाओरडा. लगेच घसे बसतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनागीतं शिकवणाऱ्या सिस्टर पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला लावायच्या. तेच शिकवलं. मुली वरच्या पट्टीत, मुलगे खालच्या. ‘उलथून टाका’ इतकं सुरेल झालं की सिस्टरांच्या आठवणीने माझे डोळे भरून आले. शेजारचा शिंपी काम टाकून ऐकायला आला. चिरंजीव म्हणाले, आई, ही घोषणा आहे, प्रार्थना नाही. त्याला सुराचं अंग कधीच नव्हतं.

१५ मार्च
निश्चय: घरी चल, असं आज त्याला सांगायचंच.
संध्याकाळ. जमलं नाही. बॅनरच्या कडा उसवल्या होत्या. दुमडून शिवायला बसले.

१९ मार्च
दाढी आज मला काकू नाही, साथी म्हणाला! घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, साथी, चहा मिळेल का? चहा दिला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. व्यवस्थेबद्दल मुलं म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

२३ मार्च
मोर्चा. सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या. ऊन काय क्रांती बघून कमी होतं? पोलिसांच्या साहेबांनी विचारलं, पुढारी कोण? दाढीने माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांनीच. साहेबांनी मला सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. चिरंजीव पलीकडच्या फुटपाथवर मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. लाजतो अजून.

२७ मार्च
फत्ते! चिरंजीवांनी संघटना सोडली. मी म्हटलं नव्हतं?
कारण मात्र विचित्र सांगतो. म्हणाला, आई, जिथे मी कोणाचाच मुलगा नसेन अशी एक जागा मला हवी होती. तिथेही तू आलीस, आणि माझ्या डोक्यावर टोपी घातलीस. ह्यांनी विचारलं, मग आता घरीच ना? तर नाही. दुसऱ्या गावी दुसरी संघटना आहे, याहून कडक. पहिली अट, घरच्यांना पत्ता द्यायचा नाही.
तरी ही संघटना सुटली हे काही थोडं नाही. निम्मी मोहीम फत्ते.

३१ मार्च
सकाळी गेला. मी बॅगेत चार वस्तू जास्तीच्या कोंबल्या होत्या. दारातच एकेक काढून माझ्या हातात दिल्या, न रागावता. त्याचंच वाईट वाटलं. फोन लागत नाही.
संध्याकाळी खोलीवर गेले. तसं आता काही कारण नव्हतं, पण मुलींची वरची पट्टी अजून कच्ची आहे. मागे एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. चष्मेवालीची आई. शेजारी बसून हळूच म्हटलं, ताई, आपण असं इथे आलेलं मुलांना आवडत नाही हो. त्या म्हणाल्या, मी फक्त बघायला आलेय. मग मुलांकडे बघत त्यांनी विचारलं, यातलं तुमचं कोण?
मी म्हटलं, येईल एवढ्यात.