दंतवैद्याच्या खुर्चीत ऐकलेला टब

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून धरलेलाच आहे, त्यामुळे आठातली जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचाच पाठवतो आहे, उरलेली मागाहून येतील.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींच्या चष्म्याचं काम झालं का? इकडे आम्ही ठीक. ही बरी आहे, माझं वजनही बरं आहे, फक्त चेहऱ्यात थोडा फरक पडला आहे, त्याचं कारण पुढे ओघात येईलच. गेल्या खेपेला तुझ्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा मी भरल्या ताटावरून तुला कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला आणि तू हात धुवायच्या आधी मला डोक्याच्या डॉक्टरचा दिलास. तेव्हापासून आपलं बोलणं वहिनी आणि ही यांच्यामार्फत चालू आहे. त्या दोघी निरोप पोचवताना मधली वाक्यं गाळतात असा मला संशय आहे, कारण तुझ्याकडून हल्ली 'बरं आहे म्हणावं' याखेरीज काही येत नाही. (आधी तू एवढं थोडक्यात कधी बोलला नाहीस.) म्हणून हे पत्र. यात मागणं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं अक्षर दिसल्याबरोबर तुझ्या कपाळाला पडलेली आठी मला इथून दिसते. एक माहिती तुला असावी, एवढाच हेतू.

विषय 'टब'चा आहे. थांब, पत्र खाली ठेवू नकोस. वहिनी वाचत असतील तर त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्या आपल्या घरात आल्या तेव्हा हे भांडण आधीच घरात नांदत होतं आणि त्याची त्यांना कुणी नीट ओळख करून दिली नाही. टब म्हणजे आपण दोघांनी मिळून विकत घेतलेली रॉक संगीताची रेकॉर्ड. तिच्या वेष्टनावर एका मोकळ्या शेतात पांढरा न्हाणीचा टब आणि त्यात कपड्यांसकट बसलेले पाच केसाळ पुरुष. खरं नाव आपल्या जिभेवर बसत नसे, म्हणून टब. बाबांचा त्या पाच जणांवर राग होता (शेतात उतरायचं तर चपला तरी घालाव्यात, असं त्यांचं मत), पण न्यायाला बाबा पक्के. रेकॉर्ड प्लेयर आणला तेव्हा त्याच्याबरोबर स्पीकरची दोन खोकी आली, आणि दोन्ही खोकी एकाच खोलीत ठेवणं म्हणजे दुसऱ्या खोलीवर उघड उघड अन्याय, असं त्यांनी ठरवलं. एक खोकं पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, आणि मधून भिंतीच्या कडेने तार. तू थोरला म्हणून तुझा अभ्यास पुढच्या खोलीत. मी आईच्या नजरेखाली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आई मधल्या दारात शिलाईचं मशीन घेऊन बसायची, कारण उजेड तिथेच बरा यायचा. पुढे ते घर आवरायची वेळ आली तेव्हा कपाटापासून चमच्यांपर्यंत सगळ्यावरून आपली जुंपली, पण खोक्यांवरून कुणी ब्र काढला नाही. ज्याचं त्याने उचललं. रेकॉर्ड तू नेलीस, मी दुसरी प्रत शोधून काढली. माझं खोकं आजही माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे आणि टब मी फक्त त्याच्यावरच ऐकतो. परक्या घरी कुणी टब लावू लागलं तर मी सरळ उठून चालायला लागतो. घरचं ते घरचं.

आणि भांडण दुसऱ्या बाजूवरच्या त्या लांबलचक गाण्याचं. माझं म्हणणं असं की गायक दोन ओळी जीव तोडून ओरडतो आणि मग सगळं शांत होतं. निव्वळ मौन. ड्रमवाला मधूनच काठीने टक टक करतो, बस्स. बराच वेळ असा गेल्यावर गायक परत येतो आणि त्या येण्याने अंगावर काटा उभा राहतो. (या मौनावर मी इथल्या वाचनालयात भाषणही दिलं आहे. 'न वाजवण्याचं धैर्य' असा विषय होता. पुढच्या रांगेतल्या एक बाई रडल्या.) तुझं म्हणणं असं की त्या गाण्यात गायक नाहीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत गिटार आहे, आणि शब्द मी पदरचे घातले. भर लग्नात तू पाहुण्यांना 'हा आमचा धाकटा, गाणी रचतो' अशी माझी ओळख करून दिली आहेस. लहानपणी आपण यावरून हातघाईवर आलो की आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, 'अरे, दोघांचंही बरोबर आहे.' आईचा स्वभावच तो. दोन मुलगे असलेल्या बाईला खरंखोटं करत बसून चालत नाही.

असो, मुद्द्यावर येतो. आमच्या कोपऱ्यावरच्या दंतवैद्याला (तुझी दाढ ज्याने उलट्या बाजूने शोधायला घेतली होती तोच, मनाने चांगला आहे) सध्या चौफेर आवाजाचं वेड लागलं आहे. हल्ली म्हणे जुन्या रॉक अल्बमांच्या मूळ टेपा बाहेर काढतात, शिवण उसवावी तसं एकेक वाद्य सुटं करतात, आणि नव्याने जोडताना ते ऐकणाऱ्याच्या पुढे, मागे, डोक्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसवतात. याला सराउंड रिमिक्स म्हणतात. तो ऐकायचा तर खोक्यांच्या वेढ्यात बसावं लागतं. दंतवैद्याने त्यासाठी दवाखान्यामागची खोली रिकामी केली. भिंतींवर खोकी, कोपऱ्यांत खोकी, छतातून वाकून बघणारी खोकी, आणि सगळ्यांच्या बरोब्बर मध्ये त्याची जुनी दाताची खुर्ची, दिव्यासकट. टाकवत नाही म्हणून आणून ठेवली, पण तिच्यात पडल्यावर पटतं की ती याच कामासाठी जन्मली असावी: मान टेकलेली, तोंड छताकडे, पाय वर आणि पळून जायची सोय नाही. तोटा एकच. पाठ टेकली की माझा जबडा आपोआप उघडतो.

टबचे असे तीन निरनिराळे रिमिक्स निघाले आहेत. त्यांची तुलना करून निकाल द्यायचं दंतवैद्याच्या मनात आलं, आणि न्यायाधीश मी, कारण टबवर भाषण दिलेला माणूस या भागात दुसरा नाही. (परक्या घरचा नियम न्यायासाठी एक दिवस बाजूला ठेवला.) साक्षीला भूगोलाचे निवृत्त मास्तर. (त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण दिशा अचूक सांगतात, आणि या प्रकारात अर्धं काम दिशेचंच असतं.)

पहिला रिमिक्स एका अदबशीर इंजिनियरचा. गायक समोर, ड्रम त्याच्या पाठीशी, आणि आपण पहिल्या रांगेत. मी तोंड उघडं टाकून खूश. ते गाणं आलं, दोन ओळी झाल्या, आता माझं लाडकं मौन म्हणून मी डोळे मिटले, आणि माझ्या डाव्या कानामागून कुणीतरी गिटार वाजवायला लागलं! दादा, 'कोण आहे रे तिकडे?' म्हणून मी ताडकन उठलो तो कपाळ थेट दिव्यावर. मास्तर शांतपणे म्हणाले, 'नैर्ऋत्येकडून येतंय.' टेंगूळ अजून आहे. दुसरा रिमिक्स एका हौशी तरुणाचा. छतातली खोकी हाताशी आली आणि त्याचा तोल गेला. ड्रम असे की वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवतं आहे, आणि गिटार तर एका जागी बसेचना. पावावरच्या माशीसारखी खोलीभर फिरली. मास्तर दिशा सांगता सांगता स्टुलावरून पडता पडता वाचले. तिसरा गायकाच्या स्वतःच्या मुलाने केलेला, आणि तो ऐकताना मी जरा हळवा झालो. त्या पोराने बापाचा आवाज सगळ्या खोक्यांतून सोडला आहे. कुठेही तोंड फिरवा, बाप आहेच. (आपल्याला याची सवय आहे.) पण बाप श्वास घ्यायला थांबला रे थांबला, की तिथेही तीच गिटार!

मी खुर्चीतूनच निकाल दिला. तिघेही एका माळेचे मणी. मोकळी जागा दिसली की भरून टाकायची, हा आजचा रोगच आहे. आणि सगळ्यांत गंभीर बाब पुढेच आहे. त्या गिटारीची चाल मला ओळखीची वाटत होती. घरी येताना रस्त्यात एकदम आठवली. तू दाढी करताना जी शीळ घालायचास, तीच! अगदी सुरात सूर. रागावू नकोस, सरळ विचारतो: या इंजिनियर लोकांपैकी कुणाशी तुझी ओळख आहे का?

पण रस्ता नंतरचा. त्याआधी दंतवैद्य म्हणाला, एवढं आहे तर मूळ रेकॉर्डच लावू, साध्या दोन खोक्यांवर. मी म्हणालो, खुशाल लावा, मूळ टबात गिटार निघाली तर मिशी उतरवून देईन. (हे मी जरा मोठ्याने म्हणालो. पलीकडे गाल धरून बसलेल्या पेशंटांनी ते ऐकलं आणि त्यातले दोघे दुखणं विसरून दारात येऊन उभे राहिले.) रेकॉर्ड लागली. गिटार होती. अथपासून इतिपर्यंत होती. मिशी दंतवैद्यानेच उतरवली, त्याच खुर्चीत, आणि सवयीने आधी विचारलं की बधिर करू का. घरी आलो तर ही माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, 'चष्मा बदललात का?' इतकी वर्षं जोपासलेल्या मिशीची घरात ही किंमत. तरीही माझं मत ठाम आहे: दंतवैद्याची रेकॉर्डच बनावट असणार. ज्याला दाढेची बाजू कळत नाही, त्याला रेकॉर्ड काय कळणार?

एवढंच कळवायचं होतं. समजलं तर कळवावं, न समजल्यास वहिनींना विचारावं. लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवल्यास माझी हरकत नाही.

तुझा,
धाकटा (गाणी रचणारा)

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं. हसली नाही. एवढंच विचारलं, 'खोकी दोन आली होती ना? मग तुम्ही एकावर काय ऐकता?' मी म्हणालो, टब. 'अर्धा,' असं म्हणून ती भाजी चिरायला निघून गेली. मी फळीवरचं खोकं काढून मागे बघितलं. बाबांनी उजव्या तारेला बांधलेला लाल दोरा अजून तसाच आहे, आणि मीही त्यांच्यासारखाच ती इमानेइतबारे प्लेयरच्या उजव्या भोकात खोचत आलो आहे. मग पुन्हा दंतवैद्याकडे गेलो. त्याने मूळ रेकॉर्ड लावून डावं खोकं बंद केलं. माझं मौन, टकटकीसकट, जसंच्या तसं. मग उजवं बंद करून डावं लावलं. गिटार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि गायकाचा एक शब्द नाही. दादा, इतकी वर्षं तू खोटं बोलत नव्हतास. मला फार बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. दंतवैद्य खुर्ची सरळ करायला आला, त्याला म्हटलं, राहू दे जरा.

ता. क. कानाच्या डॉक्टरचा पत्ता फाडून टाक. डोक्याच्या डॉक्टरचा मी ठेवून घेतो. मागणं काही नाही असं वर म्हटलं आहे ते खोडायला जागा उरली नाही म्हणून इथे लिहितो: तुझं खोकं घेऊन ये. ते चौफेर वगैरे नको. तुझं पुढच्या खोलीत ठेवू, माझं स्वयंपाकघरात आहेच. तार भिंतीच्या कडेने ओढून झाली आहे. मात्र तू पुढच्या खोलीत बसायचं नाहीस आणि मी स्वयंपाकघरात नाही. मधल्या दारात दोन स्टुलं मांडली आहेत. दार अरुंद आहे आणि तुझं पोट मला ठाऊक आहे, पण बसू कसेतरी. वहिनींनाही आण, म्हणजे मी गाणी रचत नाही हे एकदा त्यांच्या कानांवर जाईल.

ता. क. काल त्या दारातल्या स्टुलावर नुसताच बसून बघितलं आणि एकदम ध्यानात आलं. आई तिथेच बसायची रे. 'दोघांचंही बरोबर आहे' म्हणायची तेव्हा ती आपली समजूत काढत नव्हती, ऐकलं तेच सांगत होती. आपल्या घरात अख्खा टब तिने एकटीनेच ऐकला. आणि आठवतं का, रेकॉर्ड संपली की मशीन थांबवून म्हणायची, 'संपलं? मग परत लावा बघू.' आपल्याला वाटायचं, आपण दोघांनी बाहेर उंडारायला जाऊ नये म्हणून म्हणते.